तीन वह्या, एक घर

हे प्रकरण एका छोट्या सेवाभावी संस्थेच्या कामातलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वस्तीचं आणि रुग्णालयाचं नाव दिलेलं नाही. त्या काळात तिथल्या कामाचा समन्वय माझ्याकडे होता, त्यामुळे पुढे सांगितलेल्या बहुतेक चुकांमध्ये माझा वाटा आहे.

पार्श्वभूमी

शहराच्या कडेला रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांची वस्ती. तिथे आमचे तीन उपक्रम चालत. पाच वर्षांखालच्या मुलांची वजनं घेऊन कुपोषित मुलांना उपचाराचा आहार देणं हा पहिला. शाळेतल्या मुलांसाठी दुपारचा अभ्यासवर्ग हा दुसरा, आणि महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना हा तिसरा. प्रत्येकाचा देणगीदार वेगळा, खर्चाचं शीर्ष वेगळं, माणसं वेगळी आणि वहीही वेगळी. वजनाची वही, हजेरीची वही, औषधांची वही. देणगीदारांना दर तीन महिन्यांनी अहवाल जायचा आणि प्रत्येक अहवाल आपापल्या वहीवरून तयार व्हायचा. तेव्हा ही व्यवस्था आम्हाला चोख वाटत होती.

ज्या घराबद्दल लिहितो आहे त्या घरात आई, नऊ वर्षांची मुलगी, सव्वापाच वर्षांचा मुलगा आणि चौदा महिन्यांचं बाळ. वडील कामासाठी दूरच्या गावी, महिनोन्महिने तिकडेच. आई सकाळी लवकर कामावर जायची ती दिवेलागणीला परतायची. एक दिवस खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडायची, आणि लागोपाठ दोन खाडे झाले की काम दुसऱ्या बाईला जायचं.

अडचण कशी दिसली

तिन्ही वह्यांमध्ये हे घर होतं. वजनाच्या वहीत बाळाची नोंद आईच्या नावाने होती. हजेरीच्या वहीत मुलगी वडिलांच्या नावाने होती. औषधांच्या वहीत तीच मुलगी घरातल्या लाडाच्या नावाने होती, कारण दवाखान्यात तिने तेवढंच सांगितलं होतं. ही तीन नावं एकाच उंबऱ्याआडची आहेत, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

बाळाचा दंडघेर 111 मिलिमीटर भरला होता. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाच्या मध्यावरचा घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ते तीव्र कुपोषण, 115 ते 125 च्या मध्ये असेल तर मध्यम. ही पट्टी गुंडाळायला मिनिटही लागत नाही, आणि कोणत्या मुलाच्या जिवाला धोका आहे हे ती बऱ्याचदा वजनकाट्यापेक्षा लवकर सांगते. बाळाचं वजन साडेसहा किलो होतं. ताप नव्हता, पायांवर सूज नव्हती. भूक चाचणीत त्याने समोर ठेवलेला आहार आवडीने खाल्ला. अशा बाळाला रुग्णालयात न ठेवता घरीच उपचार देता येतात, म्हणून त्याला दिवसाला दोन पाकिटं सुरू झाली.

ही पाकिटं म्हणजे शेंगदाण्याची पेस्ट, दूधभुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं-खनिजं यांचं मिश्रण. एका पाकिटात 92 ग्रॅम आहार आणि सुमारे 500 कॅलरी. 1990 च्या दशकात आंद्रे ब्रियां या फ्रेंच पोषणतज्ज्ञांनी ही कल्पना आकाराला आणली. त्याआधी अशा मुलांसाठी खास दूध होतं, पण ते स्वच्छ पाण्यात कालवावं लागे आणि त्यासाठी मुलाला आठवडेच्या आठवडे रुग्णालयात ठेवावं लागे. पेस्टमध्ये पाणीच नाही, त्यामुळे जंतू सहज वाढत नाहीत आणि ती घरी ठेवता येते. 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्नविषयक संस्थांनी घरच्या घरी उपचाराच्या या पद्धतीला एकत्रित मान्यता दिली. लाखो मुलं त्यामुळे वाचली आहेत. अर्थात, ज्याच्यासाठी पाकीट दिलं त्याच्याच पोटात ते गेलं तर.

दोन आठवड्यांत बाळाचं वजन फक्त 80 ग्रॅमने वाढलं. किलोमागे दिवसाला निदान पाच ग्रॅम वाढ धरली तर साडेचारशेच्या आसपास वाढायला हवं होतं. वजनाच्या वहीत शेरा होता: “आई येत नाही. मोठी बहीण आणते.”

हजेरीच्या वहीत त्या मोठ्या बहिणीपुढे शेरा होता: “अनियमित. लक्ष नाही. दोनदा सांगूनही समजत नाही. मंद.”

औषधांच्या वहीत तीन वर्षांत चार वेळा तीच ओळ होती: “कान वाहतो. थेंब दिले.”

ज्या मंगळवारी हे तिन्ही शेरे एकत्र आले, त्या दिवशी मी वजनाच्या जागी योगायोगानेच हजर होतो. आमच्या कार्यकर्तीने मुलीला विचारलं, “बाळ रोज किती खातं?” मुलगी म्हणाली, “नऊ.” कार्यकर्ती चिडली, मुलगी उद्धटपणा करते आहे असं तिला वाटलं. तिने आवाज चढवून पुन्हा विचारलं. मुलीने पुन्हा, जरा घाबरत, “नऊ” असंच सांगितलं. बाळ तिच्या डाव्या कडेवर होतं आणि तिच्या डाव्या कानाशी रडत होतं. कार्यकर्ती तिच्या उजवीकडे उभी होती. बाळाला मी उचलून घेतलं, कार्यकर्ती समोर येऊन बसली आणि तोच प्रश्न तिने हळू विचारला. मुलगी म्हणाली, “एक. कधी कधी अर्धं. दुसरं माझा भाऊ खातो.” आपल्याला वय विचारलंय, असं तिला इतका वेळ वाटत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही तिन्ही वह्या एका टेबलावर उघडल्या. सगळं तिथेच लिहिलेलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला आजही टोचते. शाळेत मुलगी सगळ्यात जास्त गैरहजर असायची ती मंगळवारी. आमची वजनाची वेळ मंगळवारी सकाळी अकराची. म्हणजे शिक्षणासाठी पैसे घेणारी आमचीच संस्था दर मंगळवारी त्या मुलीची शाळा बुडवत होती.

समोरचे पर्याय

बाळाचं काय करायचं, हा पहिला निर्णय होता, कारण त्यात वेळ घालवून चालणार नव्हतं. इतकं कुपोषित मूल साध्या न्यूमोनियाने किंवा जुलाबानेही दगावू शकतं. रुग्णालयात भरती करायचं, तर वाढ नीट झाली असती, पण आईला तिथे राहावं लागलं असतं, तिचं काम गेलं असतं आणि मागे दोन मुलं एकटी राहिली असती. शिवाय बाळाची भूक चांगली असल्यामुळे भरतीची वैद्यकीय गरज नव्हती. दुसरा पर्याय होता आईला समजावण्याचा: पाकीट हे औषध आहे, वाटून द्यायचं नाही. हे आम्ही आधीच करून चुकलो होतो. गृहभेटीत मी पुन्हा तेच सांगायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “दोघं समोर बसलेली असताना एकालाच कशी भरवू, दादा? मधला नुसता बघत बसतो.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मधला मुलगा सव्वापाच वर्षांचा. पोषणाचा उपक्रम पाच वर्षांपर्यंत, अभ्यासवर्ग पहिलीपासून पुढे. त्यामुळे तो कुठल्याच वहीत नव्हता. तपासलं तेव्हा त्याचं हिमोग्लोबिन 9.8 निघालं, त्या वयात ते निदान 11.5 हवं. भूक त्यालाही होती. धाकट्याचं पाकीट तो खात होता म्हणून त्याला दोष कसा द्यायचा?

दुसरा निर्णय मुलीच्या कानाचा. उजव्या कानाच्या पडद्याला भोक होतं. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, उजव्या कानाची पातळी 48 डेसिबल आली, डाव्याची 28; हा आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गवारीत 20 ते 35 मधली घट सौम्य आणि 35 ते 50 मधली मध्यम. शांत खोलीत समोर बसून बोललं तर अशा मुलीला बरंचसं कळतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. गोंगाटाच्या वर्गात मात्र शब्दांच्या कडा निसटतात. स, त, फ यांसारखे हलके उच्चार ऐकूच येत नाहीत, आणि मूल शब्दाचा अंदाज बांधत राहतं. अंदाज चुकला की वर्ग हसतो, मग मूल गप्प बसायला शिकतं. मुलांमधल्या श्रवणदोषांपैकी सुमारे 60 टक्के टाळता येण्याजोग्या कारणांमुळे होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये म्हटलं होतं. वाहणारा कान हे त्यातलं एक ठळक कारण.

हे समजताच एका देणगीदारांनी शस्त्रक्रियेचा सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. माणूस मनाने चांगला होता, मदतही रोख होती. त्यांच्या दोन अटी होत्या. शस्त्रक्रिया आर्थिक वर्ष संपायच्या आत, म्हणजे दोन महिन्यांत व्हावी, आणि मुलीचे आधीचे व नंतरचे फोटो मिळावेत. आम्हाला मोह झाला हे मी लपवत नाही. बैठकीत दोघांनी स्पष्ट सांगितलं की अशी संधी पुन्हा येणार नाही. पण नाक-कान-घसा तज्ज्ञांचं म्हणणं वेगळं होतं. कान आधी कोरडा व्हायला हवा आणि निदान तीन महिने कोरडा राहायला हवा. वाहत्या कानावर घाई केली तर नवा पडदा टिकण्याची शक्यता कमी.

तिसरा निर्णय घराचा होता, आणि वरचे दोन्ही त्यावरच अवलंबून होते. दिवसभर बाळ कोणाकडे राहणार? मुलीकडे राहिलं तर तिची शाळा जाणार आणि बाळाचं खाणं नऊ वर्षांच्या मुलीच्या हाती राहणार. आईने काम सोडलं तर घर चालणार नाही. आईला दरमहा ठरावीक रक्कम देण्याचा पर्याय आम्ही चर्चेला घेतला आणि दहा मिनिटांत बाजूला सारला, कारण “रोख मदत द्यायची नाही” असा संस्थेचा जुना नियम होता. तो नियम का आहे, असं तेव्हा कोणीच विचारलं नाही. उरला पर्याय पाळणाघराचा. त्यासाठी तिन्ही देणगीदारांच्या करारांत कुठेही पैसे नव्हते.

काय केलं

सगळ्यात आधी केलेल्या गोष्टीला पैसे लागले नाहीत आणि वेळही लागला नाही. शिक्षिकेने मुलीची जागा बदलली. पुढच्या रांगेत, वर्गाच्या उजव्या टोकाला, म्हणजे चांगला डावा कान शिक्षिकेकडे राहील अशी. बोलताना फळ्याकडे तोंड करायचं नाही, सूचना देताना मुलीचं लक्ष आपल्याकडे आहे ना हे आधी बघायचं, इतकंच शिक्षिकेने पाळलं. आठवडाभरात मुलगी हात वर करायला लागली. ज्या शिक्षिकेने “मंद” हा शब्द लिहिला होता तिनेच तो खोडला आणि त्या दिवशी ती फार रडली. तिला एकटीला दोष देणं चुकीचं होईल. ज्या डॉक्टरांनी चार वेळा कान पाहिला त्यांनी वर्गाला कळवलं नाही, कारण कळवण्याची आमच्याकडे रीतच नव्हती.

कानाचा उपचार कष्टाचा असतो, पण अवघड नसतो. स्वच्छ सुती कापडाची किंवा मऊ कागदाची वात वळायची, ती कानात ठेवायची, ओली झाली की काढायची आणि वात कोरडी निघेपर्यंत हेच करायचं. दिवसातून तीन वेळा. त्यानंतर सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब, दोन आठवडे. कानात पू असताना थेंब घातले तर ते वरच तरंगतात, आत पोचत नाहीत. आमच्या दवाखान्याने चार वेळा थेंब दिले होते, पण वात वळायला कधीच शिकवलं नव्हतं. शिवाय कोणते थेंब दिले तेही लिहिलेलं नव्हतं. पडद्याला भोक असताना काही अँटिबायोटिक थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात, म्हणून ही नोंद नसणं ही साधी चूक नव्हती. आता वर्ग सुरू होण्याआधी, मधल्या सुट्टीत आणि वर्ग सुटल्यावर मुलगी स्वतः वात वळायची. शिक्षिका जवळ बसून असायची.

पाळणाघर तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं. अभ्यासवर्गाच्याच खोलीचा एक कोपरा, चार बाळं, आणि वस्तीतल्याच एका अनुभवी बाईंना पगार. पैशांसाठी तिन्ही देणगीदारांना पत्रं लिहिली. एकाने नकार दिला, दुसऱ्याचं उत्तर आलं नाही, तिसऱ्याने दोन महिन्यांनी शीर्ष बदलायला परवानगी दिली. मधल्या दोन महिन्यांसाठी आम्ही दप्तरवाटप थांबवलं. या निर्णयावर संस्थेत बराच वाद झाला. ज्या मुलांना दप्तरं मिळाली नाहीत त्यांच्या पालकांनी विचारलं, चार बाळांसाठी आमच्या पोरांचं का काढलं? त्यांची तक्रार रास्त होती. आम्ही त्यांना आधी विश्वासात घेतलं नव्हतं, निर्णय झाल्यावर कळवलं होतं.

पाळणाघरात बाळाला दोन्ही पाकिटं समोर बसून भरवली जायची. मधल्यालाही दुपारचं जेवण तिथेच सुरू केलं, आणि डॉक्टरांनी त्याला लोहाचं औषध तीन महिन्यांसाठी दिलं. जेवण मिळायला लागल्यावर धाकट्याच्या पाकिटाकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.

बाळांशी खेळायचं, बोलायचं, हेही बाईंच्या कामात धरलं होतं. खर्चाच्या बैठकीत हा वेळ कापावा अशी सूचना आली तेव्हा मी जमैकाच्या अभ्यासाचा दाखला दिला. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी 1980 च्या दशकात तिथल्या खुरटलेल्या 129 बाळांवर हा अभ्यास सुरू केला. काही घरांत पूरक आहार दिला, काही घरांत आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास जाऊन आईला बाळाशी खेळायला शिकवायची, काही घरांत दोन्ही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनंतर, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, ज्यांच्या घरी खेळाचा तास झाला होता त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा सुमारे 25 टक्क्यांनी जास्त आढळली. नुसत्या आहाराचा असा दूरवरचा परिणाम दिसला नाही. खेळाचा वेळ कापला गेला नाही.

शस्त्रक्रियेचा प्रस्ताव आम्ही पुढे ढकलला आणि फोटो द्यायला नकार दिला. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेतलं सोळावं कलम मुलाच्या खासगीपणाचं रक्षण करतं आणि बारावं म्हणतं की मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं मत ऐकलं पाहिजे. हे आम्ही प्रशिक्षणात शिकवत होतो. पण मुलीला विचारलं मात्र पहिल्यांदाच. ती म्हणाली, कान दाखवायचा फोटो नको, वर्गातले चिडवतील. देणगीदार दुखावले आणि त्यांनी मदत दुसरीकडे वळवली. आम्ही त्यांना नीट भेटून समजावू शकलो असतो. मी एक ईमेल पाठवला आणि विषय संपवला.

सातवा आठवडा

सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. बाळ 7.2 किलोवर पोचलं, दंडघेर 117 झाला. सातव्या आठवड्यात त्याला जुलाब सुरू झाले. पाळणाघरातल्या बाईंनी दुपारीच कळवलं. मी आईला निरोप पाठवला: आजच रुग्णालयात न्या.

ती त्या दिवशी गेली नाही. त्या आठवड्यात तिचा एक खाडा आधीच झाला होता. रात्रभर तिने ओआरएस पाजलं, जसं आम्हीच वस्तीतल्या सगळ्या आयांना शिकवलं होतं. पण तीव्र कुपोषित बाळाचं शरीर नेहमीच्या ओआरएसमधलं मीठ झेपवू शकत नाही. त्याच्यासाठी कमी मिठाचं, जास्त पोटॅशियमचं वेगळं द्रावण लागतं आणि ते देखरेखीखाली, थोडं थोडं द्यावं लागतं. हा फरक आम्ही तिला कधी सांगितला नव्हता. दुसऱ्या रात्री बाळ निपचित पडलं तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला रुग्णालयात पोचवलं. तिथे एफ-75 हे सौम्य दूध थोडं थोडं देत, सहा दिवसांनी त्याला घरी सोडलं. वजन 6.8, दंडघेर 114. पुन्हा तीव्र कुपोषणाच्या रेषेखाली.

बाळ वाचलं. पण त्या दोन दिवसांचा हिशोब मी अनेकदा मांडला आहे. मी निरोप पाठवला आणि माझं काम झालं असं मानलं. तिला सोबत कोणी दिलं नाही. बुडणारी मजुरी भरून देऊ असंही सांगितलं नाही, कारण रोख द्यायचं नाही हा नियम. उपचार फुकट होता. आईचा दिवस फुकट नव्हता, आणि तो आमच्या कुठल्याही अंदाजपत्रकात धरलेला नव्हता.

बाळ रुग्णालयातून घरी आल्यावर मी आईकडे गेलो. या वेळी काही सांगायला नाही, विचारायला गेलो. तुम्हाला काय अडतं? तिने लगेच सांगितलं, जणू प्रश्नाची वाटच बघत होती: “तुमची वजनाची वेळ माझ्या कामाच्या वेळेत आहे. संध्याकाळी ठेवा, मी स्वतः येते.” दीड महिना आम्ही वहीत लिहीत होतो की आई येत नाही.

निष्पत्ती

वजन घेणं संध्याकाळी सातला हलवलं. पहिल्याच मंगळवारी ती आली. तिच्याबरोबर अशा सात-आठ आयाही आल्या ज्यांची बाळं आजवर भावंडांच्या कडेवर येत होती. आता भरवण्याबद्दलचं बोलणं थेट आईशी व्हायला लागलं, निरोपानिरोपी संपली. कार्यकर्तीला उशिरापर्यंत थांबावं लागतं, त्यासाठी तिला त्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी दिली.

अठराव्या आठवड्यात बाळाचा दंडघेर लागोपाठ दोन वेळा 125 भरला आणि उपचार थांबवले. मधल्याचं हिमोग्लोबिन तीन महिन्यांनी 11.6 झालं. मुलीचा कान सहाव्या आठवड्यात कोरडा झाला, सर्दीनंतर पुन्हा वाहिला, पुन्हा कोरडा केला. हे लिहीत असताना तो सलग चार महिने कोरडा आहे आणि तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेसाठी नाव घेतलं आहे. उजव्या कानाने तिला अजून कमीच ऐकू येतं. अभ्यासात ती तिच्या वयाच्या मुलांपेक्षा एक इयत्ता मागे आहे. तीन वर्षं निसटलेले शब्द काही महिन्यांत भरून येत नाहीत. शाळेतली तिची हजेरी मात्र आता जवळपास पूर्ण असते, आणि वर्गात मोठ्याने वाचायला ती स्वतःहून उभी राहते.

वेगळं काय करता आलं असतं

वही घराची हवी होती. आता प्रत्येक घराचं एक पान आहे आणि त्यावर सगळी मुलं आहेत, उपक्रमात असोत वा नसोत. हे सुरुवातीपासून का केलं नाही, याचं खरं कारण असं की आमच्या वह्या देणगीदारांच्या अहवालासाठी होत्या. अहवाल आजही तिघांना वेगवेगळेच जातात. पानांवरून ते काढायला दुप्पट वेळ लागतो आणि तो आम्ही देतो.

कोणत्याही मुलापुढे “लक्ष नाही” असा शेरा लिहिण्याआधी त्याचे कान आणि डोळे तपासले जातील, हा नियम त्या वर्षी केला. पाठीमागून हळू आवाजात शब्द उच्चारून मुलाला तो परत म्हणायला लावायचा, एवढी प्राथमिक चाळणी शिक्षिका करू शकते. त्यातून वर्गातली आणखी दोन मुलं सापडली.

रोख न देण्याचा नियम आम्ही बदलला, पण उशिरा. आता रुग्णालयात जावं लागलं तर त्या दिवसाची मजुरी संस्था भरते आणि सोबत एक कार्यकर्ती जाते. याचा गैरवापर होईल अशी भीती होती. आतापर्यंत तरी एकाही आईने गरजेशिवाय तो दिवस मागितलेला नाही. सातव्या आठवड्यात हा नियम असता, तर बाळ दुपारीच रुग्णालयात पोचलं असतं असं मला वाटतं.

दप्तरांचा निर्णय मी आजही तसाच घेईन, पण आधी पालकांची बैठक बोलावून. आणि त्या देणगीदारांकडे स्वतः जाईन. कान कोरडा होण्याची वाट का पाहायची, हे त्यांना तज्ज्ञांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर ते कदाचित थांबले असते. आता शस्त्रक्रिया जवळ आली आहे आणि खर्च आम्ही नव्याने जमवतो आहोत.

मधल्या मुलाचा प्रश्न सुटलेला नाही. यंदा तो पहिलीत गेला, त्यामुळे त्याच्यापुरती अडचण टळली. पण वस्तीत त्याच्यासारखी पाच वर्षं ओलांडलेली आणि शाळेत न पोचलेली अकरा मुलं आहेत. कोणत्याही देणगीदाराच्या अर्जात त्यांच्यासाठी रकाना नाही. त्यांची नावं सध्या आम्ही घराच्या पानावर तळाशी, हाताने लिहितो, आणि पाळणाघरात दुपारचं जेवण वाढताना त्यांच्याही ताटल्या मांडतो. त्याचा खर्च पुढच्या तीन महिन्यांपुरता जमला आहे.